लेक शिकायला परदेशी निघते तेव्हा

मैत्रिणींनो, कुणी चुलीपुढं असाल, कुणी शिलाई मशीनवर, कुणी गोठ्यात. हातातलं काम चालू द्या, फक्त कान आमच्याकडं द्या. आम्ही एका बचत गटाच्या बारा जणी. रेडिओच्या या खोलीत आज तिघीच बसलोय, पण बोलणार आहोत ते बाराही जणींच्या वतीनं.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्या कामाचं नाही. विषय आहे, विद्यापीठात शिकणारी मुलगी एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात जाणार असेल, तर तयारी काय करायची. आम्हीसुद्धा चार वर्षांपूर्वी असंच म्हणालो होतो. ते म्हणणं आमच्या गावातल्या एका मुलीला फार महाग पडलं. म्हणून आज बोलायला आलोय.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. आपण भांगलणीला वारंगुळा करतो. आज आम्ही तुमच्या रानात येतो, उद्या तुम्ही आमच्या रानात या. कुणी याला पैरा म्हणतं, कुणी सावड. दोन विद्यापीठांमध्ये असाच वारंगुळा असतो. इकडची मुलगी सहा महिने तिकडं शिकते, तिकडची मुलं इकडं येतात. पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळते. फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडची शिकवणीची फी सहसा माफ असते. याला विनिमय सत्र म्हणतात, मुलं त्याला एक्स्चेंज म्हणतात. युरोपात यासाठी इरॅस्मस नावाची मोठी योजना १९८७ पासून चालू आहे. आता तिला इरॅस्मस प्लस म्हणतात. आपल्या कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी तसा करार असेल, तर आपल्या मुलींनाही तिच्यातून शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हणजे हे फक्त बंगलेवाल्यांच्या मुलांसाठी आहे असं नाही.

आता आमची गोष्ट. मुलींनी सांगितलंय की आमची नावं रेडिओवर घेऊ नका. म्हणून एकीला थोरली म्हणू, दुसरीला धाकटी. दोघी बहिणी नाहीत, दोन वेगळ्या घरांतल्या आहेत. पण दोघींच्याही आया आमच्याच गटात.

चार वर्षांपूर्वी थोरलीची निवड झाली. पोलंड देशातल्या एका विद्यापीठात पाच महिने. पत्र आलं, गावात पेढे वाटले, शाळेत सत्कार झाला. सत्काराला आम्ही बाराही जणी नऊवारी नेसून गेलो. आणि मग पोरगी पासपोर्ट काढायला गेली.

तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून. का, तर शाळेत घालायला आजी गेली होती, तिला तारीख आठवेना, गुरुजींनी १ जून लावून टाकली. ऐकणाऱ्यांपैकी किती जणींचा जन्म १ जूनचा आहे, मनातल्या मनात हात वर करा. आधार कार्डावर खरी तारीख होती, मार्च महिन्यातली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. तीन कागदांवर तिघी वेगळ्याच मुली. पासपोर्ट अडला. एक कागद दुरुस्त करायला दुसरा लागायचा, दुसऱ्याला तिसरा. त्यात दोन महिने गेले.

तरीही तिचं जाणं झालं असतं. खरं ते सांगायला आम्ही आज इथं आलोय, म्हणून सांगतो. तिच्या आईनं गटाकडं तीस हजार मागितले. तिकिटाला आणि विम्याला कमी पडत होते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिकडं पोचल्यावर मिळणार होता, पण पोचायला तर आधी पैसे हवेत. गटात पैसे होते. आम्ही नाही म्हणालो नाही. कुणीच नाही म्हणालं नाही. एक जण म्हणाली, "गटाचं कर्ज शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, विमानाला कसं द्यायचं?" दुसरी म्हणाली, "पोरगी तिकडंच राहिली तर फेडणार कोण?" तिसरी गप्प बसली. शेवटी सचिव ताईंनी प्रोसिडिंग वहीत लिहिलं, "विषय पुढील सभेत घ्यावा."

पुढची सभा पंधरा दिवसांनी होती. तोवर तिकडच्या विद्यापीठाची मुदत संपली. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

थोरलीची आई पुढच्या सभेला आली, बचतीचे दोनशे रुपये भरले, सही केली आणि काहीच बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती वही अजून आमच्याकडं आहे. ते पान आम्ही फाडलेलं नाही.

मैत्रिणींनो, पोरी धाडसी असतात. त्यांना तिकडच्या थंडीची भीती वाटत नाही, भाषेची वाटत नाही. त्यांचं जाणं अडतं ते इथंच, ट्रंकेतल्या कागदात आणि आपल्या "पुढं बघू" म्हणण्यात. आम्हाला हे एका मुलीचं नुकसान करून कळलं. तुम्हाला फुकट कळावं, म्हणून हे बोलणं.

दोन वर्षांनी धाकटीचा विषय निघाला. ही पुण्यात एम. एस्सी. करत होती, पर्यावरणशास्त्रात. तिच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार होता. कॉलेजात पहिली सूचना लागली त्याच आठवड्यात ती गावी आली आणि थेट थोरलीच्या घरी गेली. थोरली आता तालुक्याच्या शाळेत शिकवते. आम्हाला वाटलं होतं, ही कशाला मदत करील? तर ती म्हणाली, "कुठं ठेच लागते ते मला पाठ आहे. बस, लिहून घे." त्या दिवशी दोघींनी मिळून जे लिहिलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट कागद. आणि त्या कामाला मुलीची निवड व्हायची वाट बघायची नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, हे सगळं एका ओळीत मांडायचं आणि एकेक अक्षर ताडून बघायचं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख. आपल्याकडं गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. त्यानं फार बिघडत नाही, पण स्पेलिंगमधल्या एका अक्षरानं बिघडतं. फरक दिसला तर तो कुठल्या कागदात दुरुस्त करणं सोपं आहे ते आधी विचारा, मगच हात घाला. कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत चुकीचं बदलून बसलात तर पुढं मोठा घोळ. नावच बदलायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात छापून घ्यावं लागतं. त्याची माहिती सेवा केंद्रात मिळते.

पासपोर्ट मुलगी अठरा वर्षांची झाली की काढून ठेवा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. पैसे ऑनलाइन भरायचे, मुलाखतीची तारीख घ्यायची. आता बऱ्याच जिल्ह्यांत मोठ्या पोस्ट ऑफिसातही पासपोर्ट केंद्र आहे, त्यामुळं दर वेळी पुण्या-मुंबईला जायला लागत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पोलिस पडताळणी आपण जो पत्ता दिला त्या पत्त्यावर होते. मुलगी पुण्याच्या वसतिगृहात आणि पत्ता गावचा, पोलिस पाटलाला काही ठाऊक नाही, असं झालं की अर्ज लटकतो. धाकटीनं आधीच पोलिस पाटलांना सांगून ठेवलं होतं आणि त्या दिवशी ती घरी हजर होती.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. हे आम्हाला कधीच सुचलं नसतं. तिकडं जे विषय शिकणार, त्यांचे गुण इकडं धरले जातील की नाही? धरले नाहीत तर मुलगी सहा महिने शिकूनही इकडं मागं राहणार. त्यासाठी जायच्या आधी एक करार होतो. त्यावर मुलगी, आपलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ, अशा तिघांच्या सह्या लागतात. तिकडं एका सत्राला साधारण तीस क्रेडिट धरतात. कुठला विषय किती क्रेडिटचा आणि इकडच्या कुठल्या विषयाच्या बदली, हे त्यात लिहिलेलं असतं. धाकटीच्या कॉलेजात एक सर म्हणाले, "तू जा, आल्यावर बघू." ती म्हणाली, "सर, आमच्या गावात 'बघू' या शब्दानं एकीचं सत्र गेलंय. मला लिहून द्या." आणि तिनं लिहून घेतलं.

भाषेचंही थोडं बोलतो. तिचे वर्ग इंग्रजीत होते. पण दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात जर्मनच लागते. तिनं पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा सुरुवातीचा वर्ग केला. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच आहे. बारावीनंतर मुलगी शहरात शिकायला जाते, तेव्हाच असा एखादा वर्ग करायला सांगा.

तिसरी गोष्ट पैसा. इथं गटाचा संबंध येतो.

जर्मनीचा व्हिसा मागताना दाखवावं लागतं की तिथं राहायला पुरेसे पैसे आहेत. आत्ताच्या नियमानं महिन्याला ९९२ युरो, म्हणजे आपल्या पैशात महिन्याला लाखाच्या आसपास. हा आकडा ऐकून धाकटीचे वडील उठून गोठ्यात गेले. पण ते पैसे सगळेच आपण भरायचे असं नाही. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्रच पुरावा म्हणून चालतं. रक्कम कमी पडली तरच फरक दाखवावा लागतो. तेव्हा असा आकडा ऐकून कुणी घाबरू नका, आधी पत्र नीट वाचून घ्या.

घाबरवणारा खर्च दुसराच असतो, शिष्यवृत्ती हातात पडायच्या आधीचा. व्हिसाची फी ७५ युरो आणि केंद्राचे पैसे, विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचा खर्च. धाकटीचा हिशोब झाला सव्वा लाख. तिच्या आईनं गळ्यातलं आणि पाटल्या काढून ठेवल्या होत्या, सगळं सोनं गहाण टाकायला.

आणि विषय पुन्हा सभेत आला. तीच खोली, तीच सतरंजी, त्याच आम्ही बारा जणी. थोरलीची आई समोरच बसली होती. सचिव ताईंनी जुनी वही उघडली आणि ते पान मोठ्यानं वाचलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात वयस्क आक्का म्हणाली, "पुढच्या सभेपर्यंत मी जगेन का नाही ठाऊक नाही. आजच काय ते करा."

त्या दिवशी आम्ही ठराव केला. मुलीच्या शिक्षणाच्या प्रवासाला गटाचं कर्ज मिळेल. ते आईच्या नावावर, कारण सदस्य आई आहे. पन्नास हजार, अठरा हप्ते, व्याज इतर कर्जाइतकंच, महिना एक टक्का. सवलत नाही, मेहेरबानी नाही. फेडीचा मार्ग वहीत लिहिला, दोन म्हशींचं दूध. आणि एक कलम नवं घातलं, असा अर्ज आला तर सात दिवसांत सभा बोलवायची. ठरावाला सूचक म्हणून कुणाचं नाव लागलं असेल? थोरलीच्या आईचं. तिनं स्वतः हात वर केला. आम्हाला तिच्याकडं बघवेना.

बाकीचं असं जमलं. दुधाच्या खात्यातले चाळीस हजार आणि पाटल्यांवर सोनेतारण पस्तीस हजार. गळ्यातलं गळ्यातच राहिलं.

पैशाबद्दल एक सावधगिरी. तिकडची खोली इथून शोधताना फसवणूक फार होते. धाकटीला एकानं सुंदर खोलीचे फोटो पाठवले. म्हणाला, मी परगावी आहे, सहाशे युरो अनामत पाठव, किल्ली कुरिअरनं येईल. तिनं तो निरोप तिकडच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी कचेरीला पाठवून विचारलं. उत्तर आलं, एक पैसाही देऊ नकोस. खोली विद्यार्थी वसतिगृहातच मागायची, अर्ज लवकर करायचा, आणि न बघितलेल्या माणसाला पैसे पाठवायचे नाहीत.

चौथी गोष्ट सामान. सामानाची चर्चा आम्हा बायकांत सगळ्यात जास्त झाली. आईनं घरचं तूप कढवलं, पेढे केले. थोरलीनं नियम वाचून दाखवला. बाहेरच्या देशातून युरोपात येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. तपासणीत सापडलं तर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. मग आम्ही बिनतुपाचा खाऊ केला. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. एकेक पुडी घट्ट बांधली आणि वर इंग्रजीत नाव लिहिलं, म्हणजे तपासणाऱ्याला कळावं की ही कसली पिवळी भुकटी आहे.

तिच्या तिकिटावर मोठ्या बॅगेला तेवीस किलोची मर्यादा होती. गिरणीच्या काट्यावर बॅग ठेवली तर भरली एकतीस किलो. पुन्हा उघडली. दोन साड्या बाहेर, पितळी डबा बाहेर, देवाची तसबीर लहान झाली. जाड कोट इथून घेतला नाही, तिकडं जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नेहमीची औषधं मात्र इथूनच न्यायची, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. आणि मैत्रिणींनो, पाळीच्या दिवसांचं सामान पहिल्या दोन महिन्यांपुरतं द्या. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात ते शोधत फिरायला लागू नये.

सगळ्या मूळ कागदांच्या झेरॉक्सचे तीन संच केले. एक तिच्या बॅगेत, एक आईच्या ट्रंकेत, एक थोरलीकडं. फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवले. पासपोर्ट आणि विम्याचा कागद मोठ्या बॅगेत टाकायचा नाही, अंगावरच्या पिशवीत ठेवायचा. भारतातलं सिमकार्ड चालू ठेवायचं, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. परदेशात तो मेसेज मिळेल याची सोय निघायच्या आधीच करून घ्यायची. आणि कॉलेजातलं काही काम मागं निघालं तर ते कोण करणार, त्याच्या नावानं अधिकारपत्र लिहून ठेवायचं.

पाचवी गोष्ट मागं राहणाऱ्यांची तयारी. ही कुणीच सांगत नाही.

धाकटीच्या आत्या आल्या आणि म्हणाल्या, "सहा महिने परमुलखात एकटी राहिलेल्या पोरीला स्थळ कोण देणार?" त्यात एक स्थळ आलंही. म्हणाले, जायच्या आधी साखरपुडा उरकून घेऊ. आईची चलबिचल झाली. वडील कमी बोलणारे आहेत, ते म्हणाले, "ताई, तिची परीक्षा फेब्रुवारीत आहे. परीक्षेच्या वर्षी आपण पोराचं लग्न ठरवतो का?" आत्या गप्प झाल्या.

आपल्याकडं ही बोलणी नवी नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून जहाजानं अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांनाही लोक खूप बोलले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या आजारी होऊन आणि १८८७ साली पुण्यात गेल्या. आज त्यांचं नाव आहे, बोलणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

पण आईची भीती खरीच असते. ती नुसतं "घाबरू नको" म्हणून जात नाही. म्हणून आम्ही एक पुठ्ठा केला आणि तिच्या घरात भिंतीला लावला. त्यावर मुलीचा तिकडचा पत्ता, वसतिगृहाचा नंबर, विद्यापीठाच्या विद्यार्थी कचेरीचा नंबर, भारतीय वकिलातीचा नंबर. तिकडं रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, हे मुलीला पाठ. परदेशातल्या भारतीयांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं अडचण नोंदवता येते.

आणि घड्याळ. जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची सगळी घड्याळं एक तास मागं करतात. मग फरक होतो साडेचार तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पहिल्यासारखं. हे आम्ही पुठ्ठ्यावर लिहायचं विसरलो. धाकटी रोज तिकडच्या पाच वाजता फोन करायची, इथं तेव्हा साडेआठ वाजलेले असायचे. त्या रविवारी साडेआठ झाले, नऊ झाले, फोन नाही. सव्वानऊला तिची आई सचिव ताईंच्या दारात उभी, पायात चप्पल नाही. साडेनऊला फोन आला. पोरीनं नेहमीसारखाच पाच वाजता केला होता. तेव्हा मैत्रिणींनो, हे एक वाक्य तुमच्या पुठ्ठ्यावर जरूर लिहा.

तिकडं पोचल्यावरची कामंही आधीच ठाऊक हवीत. नव्या पत्त्यावर राहायला गेलं की दोन आठवड्यांत तिथल्या नगर कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव लागत नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळं शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवायची. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.

त्या अंधारानं धाकटीला फार छळलं. नोव्हेंबरात एकदा ती फोनवर नुसती रडली. बोलेचना. आईच्या ओठावर आलं होतं, "ये परत." आम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं, हे एक वाक्य बोलायचं नाही. आईनं विचारलं, "आज काय खाल्लंस?" ती म्हणाली, "ब्रेड." आई म्हणाली, "भाजणी हाय ना? पाणी तापव. मी फोन धरून बसते." आणि फोनवर बोलत बोलत तिनं तिकडं थालीपीठ लावलं. शेजारच्या खोलीतली मुलगी वासानं आली, दोघींनी मिळून खाल्लं. पुढं त्या मैत्रिणी झाल्या.

धाकटी मार्चमध्ये परत आली. गुण इकडं धरले गेले, करारावर सह्या होत्या ना. तिकडं ती शहराच्या सांडपाण्याचा अभ्यास करून आली आणि आल्यावर पहिल्या सभेत आम्हालाच विचारलं, "आपल्या गावचं गटार ओढ्यात कुठं मिळतं, कुणी बघितलंय का?" आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. आता बघायला लागलोय. कर्जाचे आजवर अकरा हप्ते आले, एकही चुकला नाही. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत.

थोरलीचं गेलेलं सत्र आम्हाला परत देता येणार नाही. तिला आम्ही सभेत बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, "मावशी, माफी राहू द्या. माझ्या वर्गात तेवीस मुली आहेत. त्यांचे दाखले तपासायला या." म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्यातल्या दोघी तालुक्याच्या शाळेत जातो. मुलींच्या आया कागद घेऊन येतात. आम्ही ते एका ओळीत मांडतो आणि अक्षर अक्षर ताडून बघतो. आतापर्यंत पाच मुलींची जन्मतारीख दोन कागदांवर दोन सापडली. त्यांच्या दुरुस्तीला आता भरपूर वेळ आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री भांडी झाली की ट्रंक उघडा. लेकीचे कागद काढा, दिव्याखाली शेजारी शेजारी मांडा. वाचता येत नसेल तर लेकीलाच वाचायला सांगा. आणि तुमच्या गटाच्या येत्या सभेत एक विषय घ्या, शिकणाऱ्या मुलीला तातडीनं पैसे लागले तर आपला गट किती दिवसांत निर्णय देईल? दिवसांचा आकडा वहीत लिहा. पुढच्या सभेवर ढकलू नका.